दोनच शिट्ट्या असताना उभं कुठं राहायचं? (बास्केटबॉल रेफ्री आणि खेळाडूंसाठी)

पावणेसात

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारची एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. मोबाइलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

दीड वर्षापासून मी जिल्हा पातळीवर रेफ्री म्हणून जातो. बहुतेक शाळांचे सामने. रविवारी सतरा वर्षांखालील मुलांची उपांत्य फेरी होती. सिमेंटचं कोर्ट, बाजूला आंब्याचं झाड, त्याची सावली तिसऱ्या क्वार्टरला नेमकी रिंगखाली येते. मी ट्रेल (चेंडूच्या मागे राहणारा रेफ्री), माझे जोडीदार लीड (पुढे रिंगच्या टोकाला एंडलाइनवर असणारा; ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी सीनियर). चेंडू माझ्या बाजूच्या विंगवर (कोर्टाच्या कडेला). गार्ड ड्रिबल करतोय, समोरचा त्याच्या कमरेला हात लावून चिकटलाय. मी डोळ्यांत तेल घालून तो हात बघतोय. तेवढ्यात रिंगच्या पलीकडून "आई गं!" वळून बघतो तर एक पोरगा तोंड धरून खाली बसलेला, बोटांतून रक्त. कोपर लागलं होतं. कुणाचं, कसं, मुद्दाम की चुकून, काही पत्ता नाही. मी जोडीदारांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते.

त्या पोराचे कोच आत आले. ओरडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही दोघं तेव्हा काय बघत होतात?"

खरं उत्तर होतं, चेंडू. दोघंही.

प्रश्न असा की पुस्तकातली आकृती मला पाठ आहे. ट्रेल डावीकडे मागे, लीड समोर एंडलाइनवर. तरी हे झालं. तुम्ही लोक प्रत्यक्षात कुठे उभे राहता, आणि मुख्य म्हणजे कुठे बघता?

---

रिंगखालचा

रेफ्री नाही, दहा वर्षं पोस्टवर (म्हणजे रिंगजवळ) खेळलोय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आम्हा पोस्टवाल्यांना तुमच्या आधी माहीत असतं. :)

दोन रेफ्रींच्या मॅचमध्ये पहिली पाच मिनिटं मी फक्त लीडची मान बघायचो. चेंडू वर गेला की याची मान वर जाते का? जात असेल तर आज आपली चांदी. मग शॉर्ट धरा, कंबर दाबा, उडी मारायच्या आधी त्याच्या पायावर हळूच पाय ठेवा, सगळं चालतं. मान खालीच राहिली तर मुकाट्याने बॉक्स आउट करायचं (समोरच्याला अंगाने रिंगपासून अडवून ठेवायचं). नागपाड्याच्या कोर्टावर पहिल्यांदा खेळायला गेलो तेव्हा एका रेफ्रीने चेंडू अर्ध्या कोर्टापाशी असताना माझा होल्डिंग फाऊल दिला. मी आ वासून बघतच राहिलो. ह्या माणसाला चेंडूत काही इंटरेस्टच नाही!

---

तात्या_ट्रेल

पावणेसात, कोचनी नेमका प्रश्न विचारला. वाईट वाटून घेऊ नका. माझी तीस वर्षं ह्यात गेली आणि पहिली पाच तरी मी फुकट पास मिळालेला प्रेक्षक होतो.

आकृती पाठ आहे म्हणताय, पण आकृती हलत नाही. मी नव्या पोरांना कॅरमवर शिकवतो. पाच काळ्या सोंगट्या, पाच पांढऱ्या, क्वीन म्हणजे चेंडू, आणि बाटलीची दोन झाकणं म्हणजे तुम्ही दोघं. एका भोकाला रिंग समजायचं नाही, बोर्डाच्या एका कडेच्या मध्यावर खडूने खूण करायची. आता ट्रेलचं झाकण रिंगकडे तोंड करून डाव्या साइडलाइनच्या बाजूला, चेंडूच्या जरा मागे. लीडचं झाकण एंडलाइनच्या बाहेर, रिंगच्या उजव्या अंगाला (ट्रेलच्या उजव्या, लीडच्या स्वतःच्या डाव्या). झाकणापासून झाकणापर्यंत दोरा ताणा, तो तिरका पडतो. दहाही सोंगट्या दोन झाकणांच्या मधे आल्या पाहिजेत. एकही सोंगटी ट्रेलच्या पाठीमागे किंवा लीडच्या पाठीमागे गेली की जागा चुकली. झालं, एवढंच आकृतीत आहे.

आता पुढचं. क्वीन ट्रेलच्या बाजूला आणा. ट्रेल कुठे बघणार? क्वीनकडे आणि तिच्यावरच्या डिफेंडरकडे. मग लीडने कुठे बघायचं? उरलेल्या आठ सोंगट्यांकडे, त्यातही रिंगजवळच्या चार. क्वीन खाली उजव्या कोपऱ्यात सरकवा. आता चेंडू लीडचा, आणि ट्रेलने मान उचलून रिंगच्या डाव्या अंगाला बघायचं. इथे सगळे मार खातात. चेंडू आपल्याकडून निघून गेला की डोळे त्याच्या मागोमाग जातात, बस सुटल्यावर पाहुण्यांना हात करत राहावं तसे.

तुमच्या रविवारी चेंडू तुमच्याकडे होता, म्हणजे तुमची नजर बरोबर होती. चूक लीडची. पण हे सीनियरला तोंडावर सांगायचं नाही, चहाला सांगायचं.

---

पावणेसात

तात्या, चहाला सांगायची हिंमत नाही झाली. चहा त्यांनीच पाजला.

---

खडू_आणि_शिट्टी

मी पीटी शिक्षिका आहे आणि राज्य पॅनेलवरही. तात्यांच्या कॅरममध्ये एक गोष्ट नाही, ती म्हणजे आपली कोर्टं.

पुस्तक म्हणतं रेषेबाहेर चारी बाजूंनी निदान २ मीटर मोकळी जागा हवी. आमच्या इकडे एंडलाइनच्या मागे काय असतं सांगते: बोर्डाचा लोखंडी खांब, त्याचा सिमेंटचा चौथरा, त्यावर पोरांची दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, आणि कुणाची तरी आई. लीडने आकृतीप्रमाणे आडवं सरकायचं तर खांबाच्या पुढून जायचं की मागून? पुढून गेलात तर खेळाडूंच्या पायात, मागून गेलात तर दोन सेकंद खांबच बघत बसा. मी सामन्याआधी पाच मिनिटं झाडून दोन्ही टोकांना जाते, दप्तरं हलवते आणि ठरवते की खांबाच्या कुठल्या बाजूपर्यंत आपण जाऊ शकतो. लोकांना वाटतं मॅडम साफसफाई करतायत.

आणि एक. रिंगच्या बरोब्बर खाली लीडने उभं राहू नये हे सगळे सांगतात, का ते कुणी सांगत नाही. समोरून बघितलं की अटॅक करणारा आणि डिफेंडर एकामागे एक येतात, दोन अंगं एकच दिसतात. मधली फट दिसत नाही, आणि फाऊल त्या फटीतच होतो. एक पाऊल, अक्षरशः एक पाऊल बाजूला सरका, फट उघडते. मला हे वर्गात कळलं. पहिल्या बाकावरच्या पोराच्या मागे लपून डबा खाणारा पोरगा टेबलामागून दिसत नाही, खिडकीपाशी गेलं की लगेच दिसतो.

---

न्यूजर्सीकर_बापू

इकडे मी शनिवारी पोरांच्या रेक लीगला आणि हायस्कूलच्या ज्युनियर व्हर्सिटीला (शाळेच्या दुसऱ्या फळीच्या संघाला) शिट्टी वाजवतो, दोघंच असतो. कोर्ट ८४ बाय ५० फूट, म्हणजे आपल्या २८ बाय १५ मीटरपेक्षा लांबीला थोडं आखूड. नियम वेगळे, शब्द तेच: लीड आणि ट्रेल.

मला ज्याने शिकवलं तो म्हातारा रेफ्री एक युक्ती करायचा. पहिल्या क्वार्टरनंतर विचारायचा, "स्कोअर किती?" मी अभिमानाने सांगितला की म्हणायचा, लीड असताना तू बास्केट जाताना बघतोयस. चेंडू रिंगमध्ये गेला की नाही हे ट्रेलला आणि टेबलाला दिसतं. लीडला नेटमधून चेंडू खाली पडताना दिसला तरी पुष्कळ.

---

रिंगखालचा

बापू +१. हेच मी म्हणतोय ते मानेचं.

---

ऑरेंजसिटी_१२

अहो भाऊ, हे सगळं ठीक आहे, पण दोन माणसांत दहा जण बघायचे हेच मुळात गणित चुकलेलं आहे. एनबीएवाल्यांनीसुद्धा १९७८-७९ मध्ये एक सीझन तीन रेफ्री करून बघितले, मग परत दोनवर आले, आणि शेवटी १९८८-८९ पासून कायमचे तीन केले. त्यांना उगाच हौस होती का तिसऱ्याला पगार द्यायची? आमच्या नागपुरात पोरं इतकी उंच नि फास्ट झाली आहेत की ट्रेल हाफ लाइन ओलांडेपर्यंत लेअप होऊन जातो. तिसरा द्या, नाहीतर असे धागे निघतच राहणार.

---

तात्या_ट्रेल

ऑरेंजसिटी, तिसरा मिळाला तर कुणाला नकोय? पण शालेय स्पर्धेत दिवसाला आठ सामने, पॅनेलवर माणसं सहा, त्यातला एक टेबलावर. कुठून आणू तिसरा? जे ताटात आहे त्यावर बोलू.

आणि दोनचं गणित म्हणाल तर ते खेळाइतकंच जुनं आहे. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला नेस्मिथने जे १३ नियम लिहिले त्यातच दोन अधिकारी आहेत: अंपायर आणि रेफ्री. अंपायरने माणसं बघायची, फाऊल टिपायचे. रेफ्रीने चेंडू बघायचा, कुणाचा, कधी बाहेर गेला, गोल झाला का. म्हणजे एकाने माणसं नि एकाने चेंडू ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. आपण फक्त एवढंच बदललं की चेंडू जसा फिरतो तशी ही कामं दोघांत अदलाबदल होतात. अदलाबदल करताना दोघंही "चेंडू माझा" म्हणतात ही खरी भानगड.

---

ऑरेंजसिटी_१२

हे १८९१ चं माहीत नव्हतं. मान गये तात्या. तरी तिसरा पाहिजेच. ;)

---

वीकसाइड

दोन मुद्दे, जे मला सगळ्यात महाग पडलेत.

ड्राइव्ह. ट्रेलच्या बाजूने गार्ड आत घुसला. अर्ध्या वाटेत लीडला वाटतं, आला माझ्या अंगणात, आता माझा. ट्रेलला वाटतं, लेनमध्ये (रिंगसमोरच्या पट्ट्यात) गेला, सुटलो. मग एकतर दोन शिट्ट्या वाजतात (एक ब्लॉकिंग म्हणजे डिफेंडरचा फाऊल, एक चार्जिंग म्हणजे चेंडूवाल्याचा, आणि मग तो तमाशा), नाहीतर एकही वाजत नाही. आम्ही सामन्याआधी ठरवतो: ड्राइव्ह जिथून सुरू झाली त्याने त्या दोघांना, म्हणजे चेंडूवाला आणि त्याचा मूळ डिफेंडर, रिंगपर्यंत सोडायला जायचं. लीडने फक्त मदतीला येणाऱ्या दुसऱ्या डिफेंडरकडे बघायचं, तो आधी उभा होता का, त्याची टाच रिंगखालच्या सव्वा मीटरच्या नो-चार्ज अर्धवर्तुळावर (जिथे चार्जिंग देत नाहीत) होती का. लीड त्याच्याकडे आधीपासून बघत असेल तरच हे सांगू शकतो. धडक झाल्यावर बघायला लागलात तर दोन पडलेली पोरं दिसतात, बाकी काही नाही.

दुसरा मुद्दा शॉटनंतरचा ट्रेल. शॉट सुटला की ट्रेलचे पाय आपोआप मागे निघतात, फास्ट ब्रेकला (चेंडू मिळताच दुसऱ्या टोकाला होणाऱ्या धावेला) आपल्यालाच लीड व्हायचंय ह्या धास्तीने. मी ह्याला "घरी पळणं" म्हणतो. खरं तर तेव्हा एक-दोन पावलं पुढे टाकायची असतात. पाठीवरून चढून घेतलेला रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू) लीडला समोरून कधीच दिसत नाही, त्याला फक्त हात वर आलेले दिसतात. तो पाठीमागूनच दिसतो, म्हणजे ट्रेलला. गोलटेंडिंगही (रिंगकडे खाली येणारा शॉट अडवणं) ट्रेलचंच. घरी पळालात तर दोन्ही गेलं.

---

पावणेसात

वीकसाइड, घरी पळणं!! हा मीच. मग फास्ट ब्रेकला पोचायचं कसं पण? मला धाप लागते हो.

---

वीकसाइड

पळून. :)

गंमत सोडा, तुम्ही रिबाउंड कुणाच्या हातात गेला ते बघूनच वळायचं. तोवर पहिला पास व्हायला सेकंदभर जातो, आणि वळल्यावर सरळ रेषेत पळायचं. बरेच जण कोर्टाच्या मधे घुसतात, मग गर्दीतून वाट काढतात, आणि चेंडूकडे पाठ. साइडलाइनच्या कडेने पळा, मान आतल्या बाजूला. पोचायला दोन पावलं उशीर झाला तरी चालेल, थांबून बघणं महत्त्वाचं. पळताना डोळ्यांसमोर सगळं हलतं, आणि हलत्या डोळ्यांनी दिलेले माझे निम्मे फाऊल मला अजून पटत नाहीत.

फुल कोर्ट प्रेस (अख्ख्या कोर्टभर समोरच्यांना अडवणं) असेल तेव्हा मात्र नवा लीड थेट एंडलाइनला पळत सुटला की ट्रेल बिचारा मागे सहा जणांत एकटा. अशा वेळी हाफ लाइनच्या आसपास रेंगाळायचं.

---

खडू_आणि_शिट्टी

सगळ्यात अवघड जागा कुणी काढलीच नाही. ट्रेल डावीकडे, आणि चेंडू वरच्या उजव्या बाजूला, थ्री पॉइंट लाइनच्या बाहेर. लीड खाली एंडलाइनवर, ट्रेल पंधरा मीटर रुंदीच्या पलीकडच्या अंगाला. ही जागा नियमाने ट्रेलची. पण ट्रेल साइडलाइनला चिकटून उभा असेल तर त्याला शूटरची पाठ दिसते, बूट रेषेवर होता की मागे ते नाही. मी तेव्हा सरळ आत शिरते, कोर्टाच्या मध्यापर्यंत. डाव्या साइडलाइनवर चेंडू परत गेला तर धावत परत यायचं. काही सीनियर ह्याला नाक मुरडतात, "मॅडम कोर्टाच्या मधे काय करतात?" मी म्हणते पावणेसात मीटरची रेष पंधरा मीटरवरून दाखवा, मी साइडलाइनला उभी राहते.

(पावणेसात, आयडी छान आहे.)

अजून एक, हे बायकांनाच जास्त कळेल कदाचित. ट्रेलच्या पाठीशी कधी कधी टीमचा बेंच येतो. मागून अखंड चालू असतं, "मॅडम, हात बघा, मॅडम, तीन सेकंद, मॅडम चष्मा." तुम्ही उत्तर देत नाही, पण पाय ऐकतात. मी एका सामन्याचं मोबाइल रेकॉर्डिंग बघितलं तेव्हा लक्षात आलं की बेंचसमोर असताना मी दर वेळी दोन मीटर पुढे सरकते, आवाजापासून लांब. आणि तेवढ्याने माझ्या मागे एक खेळाडू मोकळा सुटायचा. कुणीतरी स्टँडवरून शूट केलेलं असेल तर नक्की बघा, आणि चेंडूकडे न बघता फक्त स्वतःकडे बघा. पहिल्यांदा लाज वाटते.

---

अर्धीचड्डी

अवांतर: माझा मुलगा चौदा वर्षांखालील खेळतो. मी आत्तापर्यंत समजत होतो की जो रेफ्री चेंडूकडे बघत नाही तो पोरींकडे नाहीतर मोबाइलकडे बघतोय. दोनदा ओरडलोयसुद्धा स्टँडमधून. माफी असावी.

---

तात्या_ट्रेल

अर्धीचड्डी, असू द्या. आम्हाला सवय आहे.

फाऊल झाल्यानंतरचं एक राहिलं. एकाने शिट्टी वाजवली, तो टेबलाकडे नंबर दाखवायला गेला. दुसरा काय करतो? बहुतेक वेळा चेंडू उचलायला धावतो, शेजारच्या खेळाडूशी हसून बोलतो, घाम पुसतो. टेबलाकडे तोंड केलेल्या रेफ्रीची दहाही जणांकडे पाठ असते. म्हणजे कोर्टावर तेवढे पाच-सात सेकंद एकच जोडी डोळे. ढकलाढकली, शिव्या, मागच्या कोपराचा हिशेब चुकता करणं, सगळं ह्याच वेळात होतं. दुसऱ्याने दगडासारखं थांबायचं आणि बघायचं. चेंडू कुठे जातोय? कोपऱ्यात गडगडत गेला तर जाऊ दे, पोरं आणतील. शूटर कोण होता तेवढं मात्र लक्षात ठेवायचं, नाहीतर फ्री थ्रोला दुसराच उभा राहतो.

मग जागा बदलायच्या, लीड वर, ट्रेल खाली. ह्याने आणखी एक फायदा होतो, एकाच पोस्टवाल्याला तोच रेफ्री सतत दिसत नाही. रिंगखालचा ह्यांना विचारा.

---

रिंगखालचा

हो ना. मान वर करणारा लीड मिळाला की मी खूश, आणि मग एखादा मूर्ख गार्ड उगाच फाऊल करायचा आणि जागा बदलायच्या. गार्डला शिव्या आम्ही द्यायचो!

---

पावणेसात

मंडळी, अपडेट.

काल पुन्हा त्याच जोडीदारांबरोबर दोन सामने होते. सकाळी सहाला कॅरम घेऊन बसलो घरी, बायकोने विचारलं डोकं ठिकाणावर आहे का. मैदानावर गेल्यावर खडूताईंसारखी दप्तरं हलवली. आणि धीर करून जोडीदारांना म्हटलं, सर, आपण आधी ठरवून घेऊ का, चेंडू माझ्याकडे असला की तुम्ही... वाक्य पुरं व्हायच्या आत तेच म्हणाले, "रविवारचं माझं होतं." बस, एवढंच बोलले. मग आम्ही दोन मिनिटांत ड्राइव्हचं, रेषांचं (डावी साइडलाइन नि हाफ लाइन ट्रेलची, एंडलाइन नि उजवी साइडलाइन लीडची, दुसऱ्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही) आणि उजव्या कोपऱ्यातल्या थ्रीचं, तो लीडचा, ठरवलं.

पहिला सामना बरा गेला. दुसऱ्यात मी लीड असताना पलीकडे काही तरी झालं, लोक ओरडले, माझी मान गेली. गेलीच. परत आणेपर्यंत माझ्यासमोरच्या दोघांतला एक खाली पडलेला. ह्या वेळी रक्त नव्हतं. शिट्टी नाही वाजवली, जे बघितलं नाही ते कसं देणार. कोच ओरडले, बरोबरच होतं त्यांचं.

पण चौथ्या क्वार्टरला बरोब्बर तेच झालं जे रिंगखालचा म्हणाले. चेंडू वर, सगळे वर बघतायत, आणि माझ्यासमोर पांढऱ्या जर्सीतल्याने हिरव्याची शॉर्ट धरली. शिट्टी दिली. तो पोरगा माझ्याकडे असा बघत राहिला जसं मी त्याच्या खिशातून काही तरी काढलं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले (ते बघायला आले होते), शेवटची बास्केट काय सुरेख मारली त्या बारक्याने, हाफ लाइनजवळून. मी म्हटलं, हो का?

---

न्यूजर्सीकर_बापू

स्कोअर किती होता?

---

पावणेसात

टेबलाला विचारावा लागला, बापू.

---

ऑरेंजसिटी_१२

तात्या, ते कॅरमचं मी आज पोरांना दाखवलं. एक विचारून ठेवतो: दोरा बांधल्यावर क्वीन दोऱ्याच्या नेमकी खाली आली, म्हणजे दोघांच्या बरोब्बर मधे, तर चेंडू कुणाचा?

---

तात्या_ट्रेल

लेनमध्ये, पोस्टवर पाठ करून उभा असेल तर लीडचा. तोंड रिंगकडे करून बाहेरून येत असेल तर ज्याच्या बाजूने निघाला त्याचा. आणि तरीही दोघांनाही खात्री नसेल तर एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, ज्याने आधी हात वर केला त्याचा. बोर्डावर पावडर टाकू नका, झाकणं घसरतात.